पायपेटी, हातपेटी, विजेची पेटी: सूर ठरवायचा कोणी?

१/
महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत पेटीची खरी गरज पडते ती पावसाळ्यात. आषाढी एकादशी, श्रावणातले हरिनाम सप्ताह, गोकुळाष्टमी, मग गणपती आणि गौरी. भजनाचा सारा हंगाम भर पावसातला. आणि पेटीच्या प्रकृतीला सर्वांत वाईट काळही तोच. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, भात्याच्या कापडाला बुरशी येते, पितळेवर हिरवट थर चढतो. विजेच्या कीबोर्डाचीही सुटका नाही. आत दमट हवा आणि धूळ साचली की मधलेच दोन-तीन सूर मुके होतात. म्हणून या मुलखात पेटी वाजवणाऱ्याइतकेच मोल पेटी उघडून बसणाऱ्याला आहे. हा धागा त्या उघडणाऱ्या हातांच्या इतिहासाचा.

२/
पेटी उघडणे म्हणजे केवळ बिघाड काढणे नव्हे. सतारीची खुंटी वाजवणारा स्वतः पिळतो, सारंगीवर सूर बोटाखाली घडतो. पट्ट्यांच्या वाद्यात मात्र सूर आधीच कोणीतरी ठरवून आत बसवलेला असतो. तो बदलायचा तर झाकण काढावेच लागते. गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रात तीन पेट्या आल्या: पायाने चालणारा ऑर्गन, हाताने भाता मारायची पेटी आणि विजेचा ऑर्गन. तिन्ही परदेशी घराघरांत जन्मल्या किंवा वाढल्या. तिन्हींपुढे इथल्या माणसांनी एकच प्रश्न ठेवला. आतला सूर कारखान्याचा मानायचा, की आपला?

३/
आरंभ पॅरिसमध्ये होतो. अलेक्सांद्र दबें याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. धातूची पातळ जीभ एका टोकाला पक्की बसवायची आणि तिच्यावरून हवा सोडायची. जीभ थरथरते आणि सूर निघतो. पेटीच्या धंद्यात या जिभेलाच ‘सूर’ किंवा ‘रीड’ म्हणतात. अमेरिकेत या वाद्याचे दुसरे रूप घडले. व्हर्मांटमधील एस्टी आणि बॉस्टनमधील मेसन अँड हॅम्लिन या कंपन्यांनी दिवाणखान्यात ठेवायचे ऑर्गन प्रचंड संख्येने बनवले. एकट्या एस्टीने पाच लाखांहून अधिक रीड ऑर्गन विकले. पियानो परवडत नसलेल्या मध्यमवर्गाचे ते घरगुती वाद्य होते.

४/
दोन्ही रूपांतला फरक हवेच्या दिशेचा आहे. हार्मोनियममध्ये भाता हवा दाबून सुरावर फेकतो. अमेरिकी ऑर्गनमध्ये पायाखालचा भाता हवा बाहेर काढतो, आत निर्वात निर्माण होतो आणि बाहेरची हवा सुरातून आत ओढली जाते. ओढलेल्या हवेचा नाद मऊ असतो. सुराची सुरुवात झटका न बसता होते. शिवाय पाय भात्यावर गेल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. ही दोन वैशिष्ट्ये पुढे मराठी रंगभूमीच्या कामी आली.

५/
भारतात मात्र आधी पसरली ती हातपेटी. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास पायांचा भाता काढून तो पेटीच्या पाठीला बसवला. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. बसून गाणाऱ्या समाजासाठी खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य त्यांनी जमिनीवर आणले. पट्ट्यांच्या परदेशी वाद्यात भारतीय हाताने केलेला हा पहिला मोठा बदल. त्यात डाव्या हाताचे वादन गमावले. परंतु भारतीय संगीत एका वेळी एकाच सुराच्या वाटेने चालते, त्यामुळे त्या हाताची उणीव फारशी जाणवली नाही.

६/
मराठी संगीत नाटकाचा प्रवाह १८८० च्या ‘शाकुंतल’पासून सुरू झाला. पुढे पेटी रंगभूमीवर आली आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारखा थोर पेटीवादक तिला लाभला. १९११ च्या ‘मानापमान’चे संगीतही टेंब्यांचेच. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे ही नावे रसिकांच्या तोंडी आजही आहेत. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात भरलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आधारस्वर पोचवणे हे ऑर्गनचे काम होते. हातपेटीचा भाता परतताना पडणारी फट त्यात नव्हती.

७/
अमेरिकेच्या दिवाणखान्यातून हा ऑर्गन ग्रामोफोन, रेडिओ आणि स्वस्त पियानोंमुळे हद्दपार होत होता, त्याच सुमारास मराठी रंगभूमी त्याला प्रतिष्ठा देत होती. एका समाजाने घरातून काढलेले वाद्य दुसऱ्या समाजाने नाट्यगृहात नेऊन बसवले. मात्र त्यासोबत सुटे भाग येत नव्हते. फाटलेला भाता, तुटलेला सूर, कसरीने खाल्लेले बनातीचे तुकडे, या सगळ्यांची सोय इथेच करावी लागे.

८/
महाड-पोलादपूरच्या भूगोलाने इथे निवड करून टाकली होती. एका बाजूला सावित्रीची खाडी, दुसऱ्या बाजूला वरंध आणि आंबेनळी हे घाट. आगगाडी या भागात आली ती कोकण रेल्वेबरोबर, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, महाड तालुक्यातील वीर स्थानकापर्यंत. लोहमार्गावरच्या शहरांतून फिरणाऱ्या बिऱ्हाडी नाटक कंपनीला अवजड पायपेटी परवडे. डोंगरातल्या वाडीला परवडणारी नव्हती. डोक्यावरून, खांद्यावरून, होडीतून नेता येईल अशी पेटी म्हणजे हातपेटीच. दूरच्या वाड्यांपर्यंत पोचली ती तीच.

९/
तिच्या प्रवासाचा मोठा मार्ग गिरणगावातून जातो. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातली हजारो कुटुंबे पोटासाठी गेली. चाळीतल्या गाववाल्यांच्या खोल्यांत भजनी मंडळे उभी राहिली. गणपतीला गावी येणारा चाकरमानी गाणीही घेऊन येई. गावाकडे वारकरी भजन आणि शक्ती-तुऱ्याची जाखडी यांची परंपरा आधीच होती. तिला पेटीची जोड मिळाली. पेटी घडवणारी नामांकित दुकाने दादर-गिरगावात आणि पुण्यात होती. पट्टी तुटली तर खिळा आणि सरस घेऊन गावचा सुतार पुढे होई. सूर बिघडला तर मात्र जाणकाराकडेच जावे लागे.

१०/
हलक्या पेटीचे एक सामाजिक मोलही आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यानंतरच्या काळात आंबेडकरी जलशांनी विचार गावोगाव नेला. ढोलकी, तुणतुणे, डफ आणि पेटी, एवढाच संसार. राजाश्रय नाही, नाट्यगृह नाही, तिकीट नाही. खांद्यावर मावणारे वाद्य नसते तर ही गाणी वस्तीवस्तीत पोचणे कठीण गेले असते. कोणते वाद्य किती जड आहे, ही इतिहासात किरकोळ बाब नसते.

११/
आता पेटीच्या मूळ दोषाकडे येऊ. समजा षड्ज २४० हर्ट्झचा आहे. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गांधार ५:४ या प्रमाणाने ३०० हर्ट्झवर येतो. कारखान्यातून आलेल्या पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. कोणत्याही पट्टीला षड्ज मानता यावे, ही त्यामागची सोय. त्या हिशेबाने गांधार येतो सुमारे ३०२.४ हर्ट्झवर. पंचम जवळजवळ खरा लागतो: ३६० ऐवजी ३५९.६. गांधार, धैवत आणि निषाद मात्र चढे राहतात. तंबोऱ्याशेजारी पेटी ठेवली की हा फरक तयार कानाला बोचतो.

१२/
हा प्रश्न मराठी मुलखात फार लवकर हाती घेतला गेला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनातील स्वरांचे मोजमाप हा त्यांच्या कामाचा आधार होता. अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या सहकार्याने लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून ‘श्रुती हार्मोनियम’ घडवून घेण्यात आली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींचा विषय वादाचा ठरला. वाद्य रूढ झाले नाही. पण कारखान्याचा सूर अंतिम मानायचा नाही, हा आग्रह तिथे लेखी नोंदला गेला.

१३/
उलट टोकाचा उपाय सरकारी होता: पेटीच नको. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. त्या वेळी लायनेल फील्डन हे नभोवाणीचे प्रमुख होते. रवींद्रनाथ ठाकुरांनीही पेटीविरुद्ध मत दिले होते. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, हे आक्षेप खरेच होते. तरी सारंगीवाला न परवडणाऱ्या भजनी मंडळाने काय करायचे, याचे उत्तर बंदीत नव्हते. १९७० च्या दशकाच्या आरंभी ही बंदी शिथिल होऊ लागली. मधल्या तीस वर्षांत महाड-पोलादपूरच्या वाड्यांत पेटी थांबली नव्हती.

१४/
तिसरा उपाय ना ग्रंथात होता ना फतव्यात. तो दुरुस्ती करणाऱ्याच्या कानशीत होता. पितळी सूर पेटीतून काढायचा. जिभेच्या मोकळ्या टोकाशी अगदी थोडे पितळ खरवडले की टोक हलके होते आणि सूर चढतो. मुळाशी खरवडले की जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. खरवडायचे, पुन्हा बसवायचे, तंबोऱ्याशी लावून ऐकायचे. खरवडलेले पितळ परत चिकटवता येत नाही, म्हणून हात कायम आखडता. एकाच गायकाच्या साथीला ठेवलेल्या पेटीचा गांधार थोडा उतरवून घेण्याची चाल यातूनच आली. किंमतही होती: तो षड्ज सोडला की तीच पेटी दुसऱ्या पट्टीत बेसूर वाटे.

१५/
पायपेटीच्या दुरुस्तीत आणखी कामे येतात. मुका सूर बहुधा मेलेला नसतो. जिभेखाली धुळीचा कण किंवा किड्याचे पंख अडकलेले असतात. आकड्याने सूर ओढून काढायचा, मऊ ब्रशाने साफ करायचा आणि परत सरकवायचा. पट्टी सोडली तरी सूर चालूच राहिला, तर झडपेचे चामडे कडक झालेले असते. दोन्ही पाय मारूनही दम राहत नसेल, तर भात्याच्या रबरी कापडाला घडीवर चिरा गेलेल्या असतात. सगळे कापड सोडवून नवे चढवावे लागते, आणि तेही सरसाने, म्हणजे पुढच्या पिढीला पुन्हा सोडवता येईल. जुन्या कारागिरांच्या कामाचा हा अलिखित नियम: आपल्यानंतरही कोणी उघडणार आहे.

१६/
१९६० चे दशक या कथेत विलक्षण आहे. त्या दशकाच्या तोंडावर एस्टीचा कारखाना बंद झाला. आणि १९६० चे ‘पंडितराज जगन्नाथ’, १९६४ चे ‘मत्स्यगंधा’ व १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ यांनी संगीत नाटकाला पुन्हा बहर आणला. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांच्या हाती ऑर्गन पुन्हा बोलू लागला. नवा ऑर्गन मिळणे संपले होते, मागणी मात्र वाढली होती. मधले अंतर भरून काढले ते दुरुस्तीनेच. गोविंदरावांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे देवलांचा प्रश्न नव्याने हाती घेतला. त्यांच्या बावीस श्रुतींच्या पेटीत षड्ज-पंचम अचल. उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती, आणि कोणती वाजावी ते खुंटी ओढून ठरते.

१७/
आता विजेकडे वळू. १९३५ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांचा विद्युत ऑर्गन बाजारात आला. त्यात रीड नव्हते. एका मोटरवर दात असलेली ९१ लहान पोलादी चक्रे फिरत. प्रत्येक चक्रासमोर चुंबक आणि तारेचे वेटोळे. दात समोरून गेला की वेटोळ्यात वीज थरथरे आणि ध्वनिवर्धकातून सूर निघे. चर्चसाठी आलेले हे वाद्य दुसऱ्या महायुद्धानंतर घरात शिरले. दोन-तीन दशके अमेरिकी दिवाणखान्यात इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचे राज्य होते. जपानच्या यामाहाने १९५९ मध्ये ‘इलेक्टोन’ आणला. रीड ऑर्गनची जुनी जागा विजेच्या ऑर्गनने घेतली.

१८/
हॅमंडमध्ये सूर लावायची सोयच नाही. प्रत्येक चक्राची गती दातेरी चाकांच्या प्रमाणाने कायमची बांधलेली. कानस चालवायला जागा नाही. आणि मोटरची गती विजेच्या वारंवारतेशी जखडलेली. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, भारतात ५०. अमेरिकी ऑर्गन नुसता ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवला, तर व्होल्टेज जुळेल, पण सारे सूर ६:५ च्या प्रमाणात उतरतील. हे प्रमाण नेमके कोमल गांधाराचे! म्हणजे कोमल गांधाराची पट्टी दाबावी आणि षड्ज ऐकू यावा. उपाय दोनच: ५० हर्ट्झसाठी बनवलेला नमुना मागवणे, किंवा वारंवारता बदलणारे यंत्र जोडणे. त्यातही वीजजाळ्याची वारंवारता ढळली की सूर ढळलाच.

१९/
मुंबईच्या चित्रपटसृष्टीने विजेच्या पट्ट्यांचे वेगळेच सामर्थ्य ओळखले. फ्रान्सच्या कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी १९४७ मध्ये बनवलेले क्लॅव्हिओलिन हे लहान वाद्य एका वेळी एकच सूर वाजवी. पाश्चात्त्य वादकाला ही मर्यादा वाटे. भारतीय सुरावटीला तेवढे पुरेसे होते. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील गाजलेला पुंगीचा नाद पुंगीचा नव्हता. क्लॅव्हिओलिनवर कल्याणजी होते आणि साथीला रवी यांची पेटी. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील लग्नाच्या वरातीत आजही वाजणारी ती धून व्हॉल्व्हच्या वाद्यातून जन्मली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२०/
ट्रान्झिस्टर आल्यावर घरगुती ऑर्गनची रचना पुन्हा बदलली. सर्वांत वरच्या सप्तकासाठी बारा स्वतंत्र आंदोलक असत. त्यांची वारंवारता निम्मी, मग त्याच्या निम्मी करत खालची सप्तके तयार होत. निम्मा सूर म्हणजे खालच्या सप्तकातला तोच सूर. बिघाड शोधण्याची युक्ती यातच आहे. एकच पट्टी मुकी असेल तर दोष पट्टीच्या संपर्कात. एका सुरापासून खालची सगळी सप्तके गेली असतील तर मधला विभाजक मेला. तो सूर सर्वच सप्तकांत नसेल तर आंदोलक. आणि आंदोलकाला सूर लावण्याचा स्क्रू असे. गांधाराचा एक स्क्रू थोडा फिरवला की साऱ्या सप्तकांतील गांधार एकदम उतरतो. कानशीचे काम स्क्रूड्रायव्हर करू लागला, तेही परत फिरवता येईल असे.

२१/
असा पन्नास-साठ वर्षांचा ऑर्गन आज हाती आला, तर कामाचा क्रम ठरलेला असतो. लगेच प्लग लावायचा नाही. आधी वीजपुरवठ्याचा भाग पाहायचा: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकलेले असतात, आणि भणभण तिथूनच येते. ते बदलायचे. पट्ट्यांचे काळवंडलेले संपर्क स्पिरिटने पुसायचे. सुटलेले डाख पुन्हा द्यायचे. सूर लावणे सर्वांत शेवटी. व्हॉल्व्हच्या वाद्यात आणखी एक सावधगिरी हवी: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात आणि ते जिवावर बेतू शकते. ते उतरवल्याखेरीज आत बोट घालायचे नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांमुळे कपॅसिटर-ट्रान्झिस्टर मिळत. रेडिओ दुरुस्त करणारा मेकॅनिक थोड्या अभ्यासाने ऑर्गनही उघडू शकत असे.

२२/
१९७० च्या दशकात बारा आंदोलकांच्या जागी एकच चिप आली. एका मूळ स्पंदनाला ठरावीक आकड्यांनी भागून ती बाराही सूर देई. उत्पादन स्वस्त झाले, सूर ढळणे थांबले. पण गांधाराचा स्क्रू नाहीसा झाला. सारे सूर एकत्र चढवता-उतरवता येत. एकटा गांधार नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग पुन्हा अढळ झाले, या वेळी सिलिकॉनमध्ये. दुरुस्ती करणारा मेलेली चिप बदलू शकत होता. चिपने काय गावे, हे मात्र तो ठरवू शकत नव्हता.

२३/
१९८० मध्ये कॅसिओने ‘कॅसिओटोन २०१’ आणला आणि घरगुती ऑर्गनचा काळ संपत आला. सोफ्याएवढे वाद्य कोण ठेवणार? मराठीत तर कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डाला ‘कॅसिओ’ म्हणण्याची रीत पडली. हलका, बॅटरीवर चालणारा, ध्वनिवर्धकाला थेट जोडता येणारा हा डबा महाड-पोलादपूरपर्यंत पोचला. भजनात, जाखडीत, भीमगीतांच्या कार्यक्रमांत त्याने जागा मिळवली. तोवर कोकण-मुंबईत बेंजो पथकांनीही असाच बदल घडवला होता. जपानात १९१२ मध्ये निघालेले ‘ताइशोगोतो’ हे टाइपरायटरसारख्या कळांचे घरगुती वाद्य भारतात बुलबुलतरंग झाले; त्याला विजेचा पिकअप लावून इथल्या पोरांनी मिरवणुकीचा बेंजो केला. पायपेटी ज्यांच्या दारापर्यंत कधी पोचली नव्हती, त्यांच्या हाती विजेचा सूर आला. या वाद्यांना नावे ठेवताना हे विसरता कामा नये.

२४/
कीबोर्डाची दुरुस्ती मात्र अरुंद झाली. पट्टीखाली रबराची टोपी आणि तिच्या पोटात कार्बनचा ठिपका असतो. तो छापील सर्किटवर टेकला की सूर वाजतो. पावसाळ्यात मुके होणारे सूर बहुतेकदा याच ठिपक्यावरचा मळ असतो. स्पिरिटचा बोळा फिरवला की बोलतात. पण मुख्य चिप गेली, तर बोर्डच बदलायचा, आणि जुन्या नमुन्याचा बोर्ड मिळत नाही. पुढच्या काळातील काही कीबोर्डांत प्रत्येक सूर वेगळा चढवण्या-उतरवण्याची सोय मेनूत परत आली. देवलांचा प्रश्न बटणावर आला, पण बटण ठेवायचे की नाही, हे कंपनीच्या हाती राहिले.

२५/
महाडने २००५ आणि २०२१ या दोन वर्षांत सावित्रीचा मोठा पूर पाहिला. २२ जुलै २०२१ रोजी शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. माणसांच्या त्या हिशेबापुढे वाद्यांचा हिशेब गौणच. तरी पुराचे पाणी तिन्ही पेट्यांचे काय करते, हे समजून घेण्याजोगे आहे. लाकडी पेटीचा सरस सुटतो, सांधे उघडतात, भाता कुजतो. पितळी सूर मात्र धुऊन-पुसून पुन्हा गातात, आणि नव्या खोक्यात बसवता येतात. कीबोर्डात चिखल चिपच्या पायांशी बसतो. त्या अवस्थेत तो चालू करून पाहणे हीच सर्वांत मोठी चूक. बॅटरी काढून, उघडून, स्वच्छ पाण्याने आणि मग स्पिरिटने धुऊन, पूर्ण वाळवल्यावरच वीज द्यावी. मग काही वाचतात.

२६/
पितळी सूर आजही गुजरातेतील पालिताणा येथे घडतात. रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे अलीकडच्या काळात पायपेटी नव्याने घडवण्याचे काम झाले आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची पेटी आज दुरुस्त होते, पन्नास वर्षांपूर्वीचा विजेचा ऑर्गन कष्टाने होतो, आणि वीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड अनेकदा भंगारात जातो. वाद्य जितके नवे, तितके त्याचे आयुष्य कमी. याचे कारण लाकूड किंवा वीज नव्हे. कानस, स्क्रू, डाख यांना आत शिरायला जागा ठेवली आहे की नाही, यावर ते ठरते.

२७/
घोषांनी भाता हलवला, देवलांनी श्रुती मोजल्या, नाव न उरलेल्या कारागिरांनी गांधार खरवडला, रेडिओ मेकॅनिकने कपॅसिटर बदलला, बेंजोवाल्यांनी पिकअप बसवला. संगीताच्या इतिहासात गाणाऱ्यांची नावे राहतात. ही माणसे झाकणाच्या आत राहून जातात. गणपतीला गावी गेल्यावर माळ्यावर जुनी पेटी किंवा बंद पडलेला कॅसिओ दिसला, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहावा. पेटीच्या आत सुरांवर कानशीच्या बारीक रेघा दिसतील. काहींच्या टोकाशी, काहींच्या मुळाशी. कारखान्याने दिलेला सूर कोणीतरी आपल्या कानाने बदलून घेतल्याची ती खूण.